नळाला सांगितलेली स्वप्नं

९ जानेवारी

सूनबाईस,

घटस्फोटाच्या कागदात नवरा-बायको वेगळे झाल्याचं लिहिलंय. सासू-सुनेचं त्यात काही नाही. म्हणून सूनबाईच लिहिते. तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही, तेव्हा तुझ्या कवळ्यांच्या लॅबच्या पत्त्यावर टाकते आहे. दात करताना हाताला प्लास्टर लागलेलं असेल तर आधी हात धू, मग पाकीट फोड. अक्षर मोठं आहे, कारण मी चौथीपर्यंत शिकले आणि तिथे मोठंच शिकवत होते.

माफी मागायला लिहीत नाही हे आधीच सांगते. समेटासाठीही नाही. तीन वर्षांपूर्वी तू घर सोडलंस तेव्हा मी दाराशी आले नव्हते, आजही आले नसते. पण एक गोष्ट कळली, ती तुझ्या मालकीची आहे असं वाटलं, म्हणून पाठवते.

आपल्या घरची रीत तुला आठवत असेल, तू हसायचीस तिला. चांगलं स्वप्न पडलं तर सकाळी सगळ्यांना सांगायचं. वाईट पडलं तर माणसाला सांगायचं नाही, नळ सोडायचा आणि वाहत्या पाण्याला सांगायचं, म्हणजे ते मोरीतून निघून जातं. तुझ्या भिंगरीला मी हे ती बोलायला लागल्यापासून लावलं. आता ती नऊची झाली, तरी मोडत नाही.

हल्ली बाथरूमचा नळ रोज सकाळी फार वेळ वाहायला लागला. मला वाटलं पोरगी पाणी फुकट घालवते, म्हणून टॉवेल घेऊन दाराशी गेले, चार शब्द सुनवावे म्हणून. आतून बोलण्याचा आवाज. ती नळाला सांगत होती, "मी बाबांच्या दुकानातला दुरुस्तीला आलेला फ्रिज उघडला. आत खाली जाणारा जिना होता. आई वर येत होती. कोपरापर्यंत पांढरी. मला म्हणाली, चपला काढ, इथे सगळे झोपलेत."

मग नळ बंद. बाहेर आली, टॉवेल घेतला, दूध प्यायला बसली. बापाने विचारलं, "काय गं, काय पडलं स्वप्न?" म्हणाली, "काहीच नाही पडलं."

तेव्हापासून मी रोज टॉवेल घेऊन दाराशी उभी राहते. चोरून ऐकते म्हण हवं तर. तू जवळजवळ रोज येतेस. एकदा तू आमच्या गॅलरीत दोरीवर होतीस, खांद्यांना दोन चिमटे लावलेले, वाऱ्यावर हलत होतीस आणि म्हणत होतीस, "अगं, वाळले मी, आता काढ की." पोरीचा हात पोचत नव्हता. तेवढंच. पुढे पाणी जोरात वाहिलं, ऐकू आलं नाही.

शनिवारी कोर्टातल्या मुलांच्या खोलीत हीच पोरगी तुझ्याकडे पाठ करून बसते आणि भिंतीवर रंगवलेला समुद्र बघत राहते. तू तासभर तिच्या वेणीकडे बघतेस. मी तिला घेऊन येते आणि बाहेरच्या बाकावर बसते, मला दारातून सगळं दिसतं. आता माझ्या लेकाने अर्ज केलाय की पोरीला भेटी नकोत, बंद कराव्यात. मार्चच्या तारखेला न्यायाधीश साहेब ठरवतील. बंद झाल्या तर तू त्या पोरीला नळापुरती उरशील. हे तुला माहीत असावं.

उत्तर नको.

तुझी सासू


२४ जानेवारी

सूनबाईस,

उत्तर नको म्हटलं तरी आलं. भलंमोठं पाकीट, आत एक ओळ. "आई, कवळी टोचते का? टोचत असेल तर घेऊन या, घासून देते." मी तुला तुझी पोर स्वप्नात कुठे कुठे हिंडते ते सांगते आणि तू माझे दात विचारतेस! दिवसभर तणतणत होते. मग डोक्यात प्रकाश पडला. तुझ्या वकिलाने बजावलं असणार, सासरच्यांना पोरीबद्दल एक अक्षर लिहू नका, उद्या तेच कोर्टात पुढे करतील. म्हणून दातांवर आलीस.

नाही टोचत. तूच केलेल्या दातांनी तुलाच तीन वर्षं नावं ठेवली, एकदाही टोचली नाही कवळी. काम चांगलं करतेस, एवढं म्हणेन.

पोरीच्या ताब्यासाठी तू उलट अर्ज केलास, त्यात एक शब्द आहे, पालकविमुखता. आमच्या वकिलाने तो घोळवून घोळवून वाचला आणि म्हणाला, "म्हणजे तुम्ही पोरीला आईविरुद्ध फितवलंत, असा आरोप आहे." आमच्या काळी याला कान भरणं म्हणायचे आणि ते कामधंदा नसलेली माणसं करायची. माझा लेक ताडकन उठला. "मी तिच्याबद्दल एक वाईट शब्द काढला असेल तर जीभ झडो माझी."

आणि खोटं नाही बोलला तो. वाईट शब्द काढायचं खातं माझं. मी तुला दातवाली म्हणायचे, पोरगी ते हसण्यावारी न्यायची. तो काहीच बोलायचा नाही. तुझा फोन वाजला की टीव्हीचा आवाज वाढवायचा. पोरीने जेवताना तुझं नाव काढलं की त्याचा हात ताटातच थांबायचा. उठायचा, हात धुवायचा, आणि खाली दुकानात कुणाचा तरी फ्रिज उघडून त्याच्यापुढे बसून राहायचा. दुरुस्त काही करायचा नाही. नुसता बसायचा, तोंडावर उजेड घेऊन.

मी ते ताट उचलायचे आणि तुला दोन शिव्या द्यायचे. माझी अक्कल तेवढीच चालली. पोरीची पुढे गेली. बापाने पोटभर जेवावं म्हणून तिने आईचं नाव घेणं सोडलं. मग फोनवर येणं सोडलं. मग तुला भेटायला जाणं सोडलं. आम्हाला वाटलं, बघा, पोरीलाच आई नको झाली.

गेल्या शनिवारी कोर्टातल्या बाईंनी तिला विचारलं, "आईशी का बोलायचं नाही?" बाई म्हणजे त्या समुपदेशक. त्या शब्दाला माझे वरचे दात सुटतात म्हणून मी नुसतं बाई म्हणते. भिंगरी ताठ बसली आणि म्हणाली, "मला त्या व्यक्तीच्या सहवासात असुरक्षित वाटतं."

सहवासात! परवापरवापर्यंत सायकलला सायतल म्हणत होती.

बाईंनी मान हलवली आणि काहीतरी टिपून घेतलं. मला ते टिपणं आवडलं नाही.

ते कोर्ट मोठं विचित्र आहे बघ. बाहेर एवढी भांडणं घेऊन माणसं येतात आणि आत सगळी पाण्याखाली असल्यासारखी हळू चालतात. कुणाचं तरी नाव पुकारतात, ते भिंतीला लागून परत येतं. बाकावर माझा डोळा लागला. जागी झाले तर शेजारी एक अनोळखी माणूस माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपला होता, कोटबिट घालून. उठवलं नाही. त्याचंही कुणीतरी आत असेल.

तुझी सासू


१७ फेब्रुवारी

सूनबाईस,

घाईत लिहिते. मार्चच्या तारखेआधी बाई पोरीशी एकटीशी बोलणार आहेत आणि मग साहेबही बोलणार. दार लावून. मी नाही, बाप नाही, तू नाही.

मी थोडी तयारी करून घेतली आहे. कसली ते विचारू नकोस. शाळेत स्पर्धेला पाठवताना घरी पाठ म्हणून घेतात की नाही, तसं. लेक दुकानात असताना दुपारी आम्ही बसतो. पोरगी हुशार आहे, दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. तू फक्त त्या दिवशी नीट नेस आणि रडू नकोस. तू रडायला लागलीस की तुझं नाक लाल होतं आणि पोरगी घाबरते.

आता माझ्यावर सोड.

या आठवड्यात मोठं स्वप्न पडलं तिला. भिंतीवरचा समुद्र खरा झाला आणि मुलांच्या खोलीत शिरला. सगळी खेळणी तरंगायला लागली. बाई उलट्या टेबलात बसून पट्टीने वल्हवत होत्या. माझा बाक दाराबाहेर निघाला, मी त्यावर झोपलेली, मला कुणी उठवलंच नाही. तू तळाशी छोट्या खुर्चीवर बसली होतीस, केस वर तरंगत होते, आणि तू तिच्याकडे पाठ करून बसली होतीस. तिने नळाला विचारलं, "मला पोहता येतं. पण आईला येतं का? मला माहीतच नाही."

बाहेर आल्यावर मी टॉवेल देताना तिने माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. मला वाटतं, तिला ठाऊक आहे मी ऐकते ते. तरी आवाज कमी करत नाही.

तुला पोहता येतं का गं? एवढी वर्षं घरात होतीस, मलाही माहीत नाही.

तुझी सासू


३ मार्च

सूनबाईस,

होय, मीच शिकवलं होतं. तुला कोर्टात कळलंच, आता लपवून काय करू.

बाईंनी पोरीला विचारलं, आईबद्दल काय वाटतं. तर भिंगरी उठून उभी राहिली, हात मागे बांधले, आणि म्हणाली, "आई ती आईच, बाकी सगळी नावाची माणसं. मला माझ्या माउलीची ओढ लागली आहे. आईवाचून लेकरू म्हणजे वाऱ्यावरचं पान." एका दमात. मी शिकवलं तसंच, एक शब्द इकडे तिकडे नाही.

बाई म्हणाल्या, "छान म्हटलंस. कुणी शिकवलं?"

"हे आज्जीने. मागचं वकीलकाकांनी."

"बरं. आणि तुझं?"

पोरगी विचारात पडली म्हणे. मग म्हणाली, "माझं मला अजून कुणी सांगितलं नाही."

हे बाईंनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं, मला आणि लेकाला. लेकाचं तोंड पांढरंफटक. तो वकिलाचं नाव घेऊन काहीतरी पुटपुटला, त्याला बाईंनी हाताने थांबवलं आणि माझ्याकडे वळल्या. "आजी, तुम्ही चांगल्या मनाने केलंत. पण केलंत तेच."

मी म्हटलं, "तेच कसं? मी उलट केलं!"

"झगा उलटा करून घातला तरी झगा तोच ना आजी. पोरीच्या अंगावर तुमचाच."

मी निमूट मान डोलावली. माझा लेक माझ्याकडे बघत राहिला, कारण असं त्याने जन्मात बघितलेलं नाही.

साहेब काय म्हणाले ते तू ऐकलंस, पण तू रुमालात तोंड खुपसून बसली होतीस म्हणून परत लिहिते. साहेबांनी लेकाला विचारलं, "मुलगी नको म्हणते म्हणून भेटी बंद करा म्हणता. उद्या शाळा नको म्हणाली तर?"

"पाठवीन."

"रडली तर?"

"तरी पाठवीन."

"मग इथेच तिचं एवढं ऐकावंसं का वाटलं?"

लेक खालच्या मानेने बूट बघत बसला. मला त्याचा राग आला, आणि मग तो एवढासा असताना फुटलेली पाटी पोटाशी धरून असाच उभा राहिला होता ते आठवलं. असो. आठवणींना काही काम नसतं.

मग तुझ्याकडे वळले. "तुमची मागणी आहे की मूल आजच तुमच्या ताब्यात द्यावं. या मुलीने तीन वर्षं बापाला सांभाळलंय. तिला एका दिवसात तिथून ओढून आणलं, तर ती तुमच्याच घरात बसून त्याची काळजी करेल आणि दोष तुम्हाला देईल. चालेल तुम्हाला?" तू नाही म्हणून मान हलवलीस. तिथे मला तू पहिल्यांदा शहाणी वाटलीस. घाई केली नाहीस.

पोरीशी ते त्यांच्या खोलीत बोलले ते मात्र कुणालाच माहीत नाही. मला तिने एवढंच सांगितलं, "साहेब म्हणाले, निवडायचं काम तुझं नाही. माझं आहे. मला त्याचा पगार मिळतो." आणि रिक्षात बसल्या बसल्या झोपली. घरी येईपर्यंत झोपली, जिना चढताना उचलून घ्यावी लागली. तीन वर्षांत अशी झोपलेली मी बघितली नव्हती.

तर भेटी बंद नाहीत. उलट वाढल्या. पोरीला कोर्टाची माणसं आणणार, आमच्या घरचं कुणी दारातही नको. बापाने दर बुधवारी बाईंकडे जाऊन बसायचं, आणि तूही. आणि माझ्यासाठी वेगळी ओळ, आजीने भेटीच्या दिवशी आवारात येऊ नये. म्हातारीला हद्दपार केलं गं. एवढा मान मला कुणी दिला नव्हता.

तुझी सासू


२५ एप्रिल

सूनबाईस,

शनिवार मोठा लांब असतो. मी गॅलरीत बसते. लेक दुकानात फ्रिज उघडून बसतो. आम्ही दोघं एकमेकांना विचारत नाही, किती वाजले.

पहिले काही शनिवार पोरगी आली तशीच आली, पाटीसारखं कोरं तोंड. विचारायचं नाही असं बाईंनी बजावलंय. मला न विचारता राहणं म्हणजे काय ते तुला माहीत आहे. ओठ मिटून मिटून दुखायला लागले.

या शनिवारी आली ती लालबुंद. केस सुटलेले. दप्तर आदळलं, पाणी घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "आज आम्ही भांडलो."

लेक दारातच थांबला. मी हळूच विचारलं, कारण भांडण हा माझा विषय आहे, "कोण जिंकलं?"

"उरलंय अजून. पुढच्या शनिवारी."

बाईंनी लेकाला फोन करून सांगितलं म्हणे, काळजी करू नका, ती पहिल्यांदा स्वतःच्या मनाने चिडली. काय बोलली ते आम्हाला नको सांगायला, तूही सांगू नकोस. तुला काय काय ऐकावं लागलं असेल त्याचा अंदाज आहे. का गेलीस, मला का नेलं नाहीस, वगैरे. ऐकून घे. सहवासात असुरक्षित वाटण्यापेक्षा ते बरं.

आता खरं सांगायचं ते. आज सकाळी नळ सुटलाच नाही. मी टॉवेल घेऊन उभी, आतून नुसतं दात घासणं. बाहेर येऊन ती बापासमोर बसली. तो नाश्ता करत होता. म्हणाली, "बाबा, मला स्वप्न पडलं. आईच्या लॅबमध्ये शेल्फवर सगळीकडे दात होते आणि सगळे घोरत होते. आई म्हणाली, हळू चाल. मग आज्जीचे दात जागे झाले आणि सगळ्यांना ओरडायला लागले."

त्याचा हात थांबला. मी मनात म्हटलं, गेलं, उठला हा. पोरगी त्याच्या हाताकडे बघत होती. माझ्याकडे नाही, त्याच्या तोंडाकडेही नाही, हाताकडे. मला त्या क्षणी असं वाटलं की आम्ही तिघं कुणाच्या तरी स्वप्नात बसलोय आणि तो माणूस आता कूस बदलणार.

त्याने घास उचलला. तोंडात घातला. गिळवत नव्हता त्याला, बराच वेळ चावत होता. आणि तसंच, भरल्या तोंडाने, म्हणाला, "मग?"

"मग काय! सगळे दात उठले ना."

त्याने सगळं ताट संपवलं.

हे शेवटचं स्वप्न मी पाठवते. यापुढे मी पोस्टमन नाही. तिच्या स्वप्नांची तुझ्या-माझ्यात ने-आण करत होते, तेही बाईंच्या झग्यासारखंच झालं असणार. पडलं काही तर ती सांगेल तुला. नाही सांगितलं तर तिची मर्जी.

तुझी सासू


९ जून

सूनबाईस,

हे पत्र लिहायचं ठरलेलं नव्हतं. पण काल काय झालं ते तुला अर्धंच ठाऊक आहे, दाराच्या तुझ्या बाजूचं.

पोरगी पहिल्यांदा दोन दिवस तुझ्याकडे राहणार, बापाने स्वतः दाराशी सोडायची, हे कोर्टाचं. बाईंनी त्याला वर एक गृहपाठ दिला होता. दाराशी पोचल्यावर पोरीला आईबद्दल एक गोष्ट सांगायची. खरी असावी, त्याची स्वतःची असावी, त्याला कधीतरी आवडलेली असावी. बेल वाजवायच्या आधी सांगायची.

आठवडाभर माझा लेक भुतासारखा फिरत होता. परवा स्वयंपाकघरात आला. "आई, काय बोलू गं?"

"मला काय विचारतोस?"

"तुला सुचतं. तू लगेच काहीतरी सांगशील."

"सांगेन की. मी सांगितलेलं एकदा कोर्टात म्हणून दाखवलं पोरीने, पुरे झालं तेवढं."

"चांगला स्वयंपाक करायची म्हणू?"

"करायची का?"

"नाही."

"मग खोटं कशाला बोलतोस, तीही जेवणार आहे तिथे दोन दिवस."

तो हसला. मग तिथेच ओट्याला टेकून उभा राहिला आणि त्याचे डोळे कुठे गेले कुणास ठाऊक. मी भांडी घासत राहिले.

काल दुकानाच्या गाडीतून निघालो. मीही बसले. आवारात यायचं नाही असं म्हटलंय, गाडीत बसायचं नाही असं कुठे म्हटलंय? तुझी इमारत पहिल्यांदा बघितली. लिफ्ट बंद होती. दोघं जिन्याने गेले, पोरीच्या पाठीवर दप्तर, त्याच्या हातात तिची उशी. मी खाली काच उतरवून बसले. समोर एक सायकलवाला हवा भरत होता, एक मांजर दुकानाच्या फळीवर झोपलं होतं. दुपार अशी होती की सगळ्या गोष्टींच्या कडा विरघळल्यासारख्या. वेळ जाईना. मला वाटलं, हा वर जाऊन नुसता उभा राहिला. बेलही वाजवली नाही. आता दोघं खाली येतील आणि सगळं परत पहिल्यापासून.

आणि वरून शिट्टी आली.

साधीसुधी नाही. लांब, वर चढत गेलेली, शेवटी वळलेली. सायकलवाल्याने वर बघितलं. मांजर उठलं. मी या वयात गाडीतून मान बाहेर काढली.

लेक खाली आला, गाडीत बसला, चावी हातात तशीच. मी म्हटलं, "काय सांगितलंस रे?"

"की आईला बोटं न लावता शिट्टी वाजवता येते. लग्नाआधी बसस्टॉपवरून मला अशीच बोलवायची, रस्ता ओलांडून." मग म्हणाला, "भिंगरीला पटेना. तिने स्वतःच बेल वाजवली आणि दार उघडल्या उघडल्या म्हणाली, वाजवून दाखव."

तू माझ्या घरात सात वर्षं राहिलीस. मला एकदाही ऐकू आली नाही. माझ्यापुढे कसली वाजवतेस म्हणा. मी काय म्हटलं असतं ते तुलाही ठाऊक आहे आणि मलाही.

गाडी निघाली तरी वरून आवाज येत होते. तुझी शिट्टी, आणि तिच्या मागोमाग नुसती हवा, फू, फू, जमत नसलेली. लेकाने गाडी जोरात काढायला घेतली.

मी म्हटलं, "हळू घे. जमतंय का बघू तिला."

तुझी सासू